दादाच्या नेटवर

आईचा फोन रोज संध्याकाळी यायचा, दिवाबत्ती झाली की. टॅबवरून, चित्रासह. त्या दिवशी फोन दुपारी आला, तोही अप्पाच्या मोबाइलवरून. अप्पा म्हणजे माझा मधला भाऊ. एरवी तो सणासुदीलाच फोन करी, त्यामुळे त्याचे नाव दिसताच माझ्या मनात आईच आली. नागपुरात आमच्या वृत्तपत्राच्या डेस्कवर पुरवणीची पाने लागत होती. मी उठून जिन्यात गेले. "सुमे," अप्पा म्हणाला, "दादा गेला." अप्पाच्या तोंडून 'दादा' हा शब्द मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. थोरल्या भावाचा उल्लेख तो 'पलीकडचे' असा करायचा. त्यामुळे कोण गेले, हे समजायला मला थोडा वेळ लागला.

दादा चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होता. पहिली पाळी सुटल्यावर तो कंपनीच्या बसने परतत होता. मोशीचा थांबा आला तरी जागेवरून उठला नाही. सोबतच्यांना वाटले, डोळा लागला असेल; पहिल्या पाळीच्या परतीच्या बसमध्ये निम्मी माणसे झोपलेलीच असतात. "विलासराव, उतरा की, मोशी आली," असे म्हणून एकाने खांदा हलवला, तेव्हा कळले. डॉक्टरांनी हृदयविकाराचे कारण दिले. आधी कधी छातीत दुखल्याचे त्याने कोणाला सांगितले नव्हते, किंवा सांगण्याइतके ते त्याला मोठे वाटले नसावे. त्याला जाऊन आता काही आठवडे झाले. मोठ्या माणसांचे मृत्युलेख लिहिण्यात माझी नोकरीची वर्षे गेली. त्यांत पदे असतात, पुरस्कार असतात. दादाच्या नावावर तसे काही नाही. त्याने केलेले एक काम मात्र मी रोज, दुसऱ्या टोकाला बसून, पाहत आले. त्याने आईपर्यंत नेट पोचवले होते.

हे काम अवघड का होते, ते सांगण्यासाठी घर सांगावे लागेल. मोशीच्या गावठाणात वडिलांनी एका अंगणाच्या दोन बाजूंना दोन घरे बांधली, दोन मुलांसाठी. दारे समोरासमोर, मध्ये शहाबादी फरशीचे अंगण. वडील होते तोवर ते एकच घर होते. एका बाजूला स्वयंपाक व्हायचा, दुसऱ्या बाजूला पाहुणे झोपायचे. वडिलांच्या मागे वाटणी झाली आणि घोडे अंगणाशी अडले. अप्पाची तळवड्यात फॅब्रिकेशनची शेड आहे. त्याला टेंपो आत घ्यायला अंगणाचा आपला भाग मोकळा हवा होता. दादाचे म्हणणे, अंगण सामाईकच राहू दे. बैठका झाल्या, पाहुणे मध्ये पडले, आणि त्या बैठकांत जे बोलले गेले ते नंतर कोणालाच मागे घेता आले नाही. दोघे बोलेनासे झाले. आई राहत होती ती वडिलांची खोली अप्पाच्या बाजूला गेली. आईने खोली सोडली नाही आणि बाजूही कोणाची घेतली नाही. दादाला तिकडे जायला कोणी मनाई केली नव्हती. शोभावहिनी, म्हणजे अप्पाची बायको, तो आला की चहा ठेवायची. पण अप्पा घरात असताना त्याच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचे नाही, हा दादाने स्वतःवर घालून घेतलेला नियम होता, आणि दादा पाळीवरून घरी येई तेव्हा अप्पाही बहुधा शेडवरून आलेला असे, म्हणून तो नियम पाळून आईची भेट क्वचितच व्हायची. आईचे गुडघे गेले होते. अंगण ओलांडणे तिलाही होत नव्हते.

त्यात आईला ऐकू येईनासे झाले. साध्या फोनवर मी काय बोलते ते तिला उमगेना. ओठ दिसले तर मात्र सगळे समजायचे. म्हणून मी तिला टॅब घेऊन दिला. पण चारी बाजूंना उंच इमारती उठल्यापासून त्या खोलीत मोबाइलची रेंज धड येत नव्हती, आणि घरात नेट घ्यायचे नाही हा अप्पाचा दंडक. पोरे अभ्यास सोडून पडद्याला चिकटतात, एवढे त्याचे कारण. टॅब आईच्या उशाशी नुसता पडून राहिला. मी दादाला हे सांगितले तेव्हा तो फक्त "बघतो" म्हणाला. पुढच्याच आठवड्यात त्याने स्वतःच्या घरात नेटची लाइन घेतली.

नेट कंपनीच्या पोराने राउटर बसवला हॉलमध्ये, टीव्हीशेजारी. सगळ्यांच्या घरात असतो तिथेच. तो गेल्यावर दादाने मला व्हिडिओ कॉल केला आणि फोन हातात धरून घरभर हिंडू लागला. "आता दिसतोय का?... आता?... इथं?" मी डेस्कवर कानाला इअरफोन लावून 'हो', 'नाही', 'अडकलास' एवढेच सांगत होते. स्वयंपाकघरात तो स्पष्ट दिसायचा. धान्याच्या पत्र्याच्या कोठीजवळ गेला की तुकडे व्हायचे. लोखंडी कपाटाच्या मागे नाहीसाच व्हायचा. जिथे चित्र तुटले तिथे तो वाकून फरशीवर खडूने फुली मारायचा. मंगलवहिनी, दादाची बायको, मागून ओरडल्याचे ऐकू यायचे, "घर आहे का कंपनी तुमची? पुसायचं कोणी हे?" दादा म्हणायचा, "चार दिवस थांब गं." ते चार दिवस बरेच लांबले.

कारण दादाची कामाची पद्धत. कंपनीत मशीन बंद पडले की चार जण चार गोष्टी एकदम बदलतात, मशीन चालू होते, आणि कशाने चालू झाले ते कोणालाच समजत नाही. पुन्हा बंद पडले की पुन्हा तेच. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलायची, एक दिवस बघायचे, मग दुसरी. हा नियम त्याने घरातही लावला. आज राउटरची जागा. उद्या त्याच्या दांड्यांची दिशा. परवा, आसपासच्या फ्लॅटांतल्या नेटची गर्दी टाळायला, सेटिंगमधले चॅनल. मी म्हणायची, "दादा, सगळं एकदाच करून टाक ना." तो म्हणायचा, "मग कळणार कसं, आई कशानं दिसली?"

शेवटी राउटर हॉलमधून निघाला आणि अंगणाकडच्या भिंतीतल्या देवळीत गेला. ती देवळी आणि आईची खिडकी अगदी समोरासमोर. पहिल्या संध्याकाळी आई दिसली ती अशी: अर्धा चेहरा, वर छताचा पंखा, आणि पडद्यावर चिकटवलेले बोट. "दिसतीयास गं," ती म्हणाली. "वाळलीस व्हय लई?" त्या दिवसापासून रोज. देवळीत गेल्यामुळे दादाच्या स्वतःच्या हॉलमध्ये मात्र नेट लंगडे झाले. टीव्हीवर काही लावले की गोल फिरत राहायचे. त्याचा मुलगा सुटीवर आला की कुरकुरायचा, "बाबा, राउटर कोणी असा कोपऱ्यात ठेवतं का? मधे ठेवा, सगळीकडे मिळेल." दादाचे उत्तर ठरलेले होते. "तुला पाय आहेत. तू जा की देवळीपाशी."

एकदा गौरींच्या दिवसांत आईचे चित्र सारखे जाऊ लागले. सकाळी ठीक, दुपारनंतर काहीच नाही. दादा त्या आठवड्यात दुसऱ्या पाळीला होता; सकाळी त्याने पद्धतीप्रमाणे एकेक गोष्ट तपासली. राउटर बंद करून चालू केला, वायर बदलली, कंपनीच्या पोराला बोलावले. तो आला सकाळी, तेव्हा सगळे सुरळीत. दादा चिडायचा नाही, पण त्या वेळी चिडला. शेवटी एका दुपारी पाळी बदलून घरी थांबला आणि खुर्ची टाकून देवळीसमोर बसला. जेवणानंतर मंगलवहिनी आल्या. चिंचेने लख्ख घासलेले पितळी डबे आणि तांब्याची कळशी त्यांनी देवळीत राउटरपुढे ओळीने मांडली. दादा म्हणाला, "हे काय?" "हळदीकुंकवाला बायका यायच्यात. ते काळं डबडं दिसतंय मेलं, देव्हाऱ्याशेजारी." दादाने मला फोन लावून तो त्यांच्यापुढे धरला. "सांग, सांग तुझ्या वहिनीला. म्हणावं, तुमच्या कळशीमागं माझी आई अडकलीय." वहिनी हसायला लागल्या. "अहो वन्सं, मला काय ठाऊक, पितळेतून सासूबाई जात नाहीत ते!" मग तोडगा निघाला: हळदीकुंकू आटोपले की संध्याकाळी, दिवाबत्तीच्या आधी, डबे उचलायचे. पुढे सणाचे दिवस आले की वहिनी स्वतःच फोन करायच्या, "उचलले हो डबे, बोला आता."

पत्रा आला त्यानंतर. अप्पाने एका सकाळी शेडवरून दोन माणसे आणली आणि अंगणाच्या मधोमध, वाटणीच्या रेषेवर, लोखंडी अँगल उभे करून पत्रा ठोकला. माणसाच्या डोक्यावरून जाईल एवढा उंच. त्या संध्याकाळी आईचा चेहरा आधी चौकोनी तुकड्यांत फुटला, मग गोठला, मग पडदा काळा झाला. मी दादाला फोन केला. त्याला कारण सांगावे लागले नाही. लोखंडी कपाटामागच्या फुल्या त्याने स्वतःच मारल्या होत्या. "मग बोल की अप्पाशी," मी म्हणाले. "नुसतं सांग, आईसाठी आहे." तो म्हणाला, "पत्र्याला वळसा घालता येतो का बघू."

वळसा गच्चीवरून निघाला. देवळीतल्या राउटरचे नेट पुढे फेकणारे दुसरे यंत्र, रिपीटर म्हणतात ते, त्याने गच्चीच्या कठड्यावर बांधले. पावसापासून राखायला त्यावर श्रीखंडाचा रिकामा डबा पालथा घातला. आता नेट गच्चीवरून तिरके, पत्र्याच्या डोक्यावरून, आईच्या खिडकीत उतरत होते; पण फक्त खिडकीच्या अगदी जवळ. पलंगापर्यंत पोचत नव्हते. दादाने मला सांगितले, मी शोभावहिनीला, आणि तिने खिडकीशी एक उंच स्टूल ठेवले. आई कुरकुरली. "पलंगावर नीट बोलत व्हते की. आता माकडावानी हितं बसू?" पण बसली. रोज बसत राहिली. आणि रोज बोलणे संपता संपता माझ्याकडे बघायची थांबायची, मान वळवून खिडकीबाहेर वर बघायची, हात थोडासा उचलायची. तेवढा वेळ चित्र हलत नसे. मला वाटायचे, नेट अडकले. मी 'आई, आई' करत राहायची, आणि मग ती परत माझ्याकडे वळायची, "काय गं, हाय मी." असे बरेच दिवस चालले. तिला विचारले तर म्हणायची, "कुठं काय, कावळा व्हता."

मागच्या खेपेला मोशीला गेले तेव्हा उलगडा झाला. ती माझी आणि दादाची शेवटची भेट. पहिल्या पाळीचा तो, दुपारीच घरी आलेला असायचा. चहा, थोडी पाठ टेकणे, आणि ऊन उतरले की गच्ची. मी मागोमाग गेले. गच्चीवरून एका बाजूला नवे टॉवर, त्यांच्या फटीतून इंद्रायणीकडची थोडी झाडे, आणि खाली बघितले की पत्र्याच्या कडेवरून आईची खिडकी. तिच्यात आई, स्टुलावर, टॅब घेऊन. मी नागपुरात नव्हते, त्यामुळे तिला फोन कोणाला करायचा नव्हता. तरी ती वेळेला येऊन बसली होती. दादाने श्रीखंडाचा डबा उचलला, आतला हिरवा दिवा बघितला, डबा परत पालथा घातला आणि कठड्याला टेकून उभा राहिला. आईने वर बघितले. हात उचलला. दादाने मान हलवली. एवढेच. माझ्यासमोर घडले म्हणून मी ते लिहू शकते. एरवी सांगून कोणाला त्यात काही वाटले नसते.

"अप्पाला माहीत आहे, नेट तुझं आहे ते?" मी विचारले. त्याने नकारार्थी मान हलवली. अप्पाला वाटायचे, टॅबला त्याचे स्वतःचे नेट असते. "सांगू का मी?" "नको," दादा म्हणाला. "कळलं तर ईर्ष्येनं लगेच स्वतःचं नेट घेईल. घरात, आईच्या खोलीत, एकदम फुल्ल रेंज." मग हसला. "आणि मग मला इथं रोज यायला काय कारण राहील, सुमे?"

खालून मंगलवहिनींनी हाक मारली, तो उतरला.

त्याच्या जाण्यानंतरचे दिवस घरात माणसांचे होते. अप्पाने खांदा दिला. स्मशानातून परतताना तो दादाच्या दारापर्यंत आला आणि बाहेरच्या पायरीवर बसला. आत आला नाही. आईला दोघांनी खुर्चीवर उचलून पत्र्याला वळसा घालून रस्त्याने आणले होते. एका अंगणातून दुसऱ्या बाजूला यायला तिला गल्ली फिरून यावे लागले. तेरावे झाले, पाहुणे पांगले, मी नागपूरला परतले. पहिल्या संध्याकाळी आईचा फोन आला नाही. दुसऱ्याही नाही. मी शोभावहिनीला फोन केला तेव्हा ती म्हणाली, आई स्टुलावर बसलेली आहे, टॅब मांडीवर आहे, आणि तो लागत नाही. गच्चीवर पाहुण्यांसाठी ताडपत्री बांधताना कोणाच्या तरी पायात वायर अडकून निघाली होती, हे कोणाला माहीत नव्हते.

पुढचे मला शोभावहिनीने सांगितले. अप्पा शेडवरून आला तेव्हा आईने टॅब त्याच्यापुढे धरला. "ह्ये चालंना." अप्पाने तो उलटसुलट केला, सिम कुठे बसते ते शोधले. सिमची जागाच सापडेना. त्याने तिच्यासमोर तोंड करून, ओठ सावकाश हलवत विचारले, "आई, हे चालतं कशावर?" आई म्हणाली, "दादाच्या नेटवर." अप्पाला आधी वाटले, ती भ्रमात बोलते आहे. तिने खिडकीबाहेर, वर बोट दाखवले. अप्पाने खिडकीशी जाऊन वाकून बघितले. पत्र्याच्या वर कठडा आणि कठड्यावर पालथा डबा. तो बराच वेळ तसाच वाकून उभा होता, वहिनी म्हणाली. तिने चहा आणला, तो निवला. मग तिने हळूच सुचवले, "आपणच घेऊ या का आता नेट?" अप्पा म्हणाला, "आहे ना नेट." आणि चपला घालून बाहेर पडला, गल्लीने फिरून दादाच्या घरी गेला.

मंगलवहिनींनी दार उघडले. अप्पा म्हणाला, "वहिनी, गच्चीवर जाऊ का?" त्या म्हणाल्या, "जा की. घर तुमच्या भावाचं आहे." वर जाऊन त्याने निघालेली वायर लावली, डबा उचलून दिवा बघितला, आणि मला फोन केला. मी डेस्कवरच होते. "मी गच्चीवर आहे," तो म्हणाला. "आईला लाव. आता दिसते का?" आई दिसली, पण तुकड्यातुकड्यांनी. मी सांगितले. त्याने यंत्र फिरवले असावे. "आता?" थोडी बरी. "आता?" पुन्हा गेली. "च्यायला. वायर बदलतो, जागाही बदलतो, आणि खालचा राउटर पण..." मी म्हणाले, "अप्पा, एका वेळी एकच बदल." तो म्हणाला, "दादा असं करायचा?" मी हो म्हणाले. मग त्याने विचारले, "ह्या पत्र्याचं काय करायचा तो?" मी सांगितले, "वळसा घालायचा." फोन त्याने ठेवला की मी, ते आठवत नाही.

रविवारी शेड बंद असते. अप्पाने घरी ग्राइंडर आणला आणि पत्र्यात, देवळी आणि आईची खिडकी यांच्या बरोबर मध्ये, एक चौकोन कापला. मोठा, खिडकीएवढा. कापलेल्या कडा हातोडीने आत वळवल्या, कोणाचा हात कापू नये म्हणून, आणि त्यावर रंगाचा हात मारला. सगळा पत्रा त्याने काढला नाही. का, ते मी विचारले नाही आणि त्यानेही सांगितले नाही. कामाला सकाळ गेली. मंगलवहिनी आपल्या दारातून बघत होत्या. काम झाल्यावर त्यांनी त्याच चौकोनातून त्याला पाण्याचा तांब्या दिला, एवढे मात्र दोन्ही वहिन्यांनी मला वेगवेगळे फोन करून सांगितले.

आता आईचे चित्र जितके स्वच्छ दिसते तितके दादाच्या वेळी कधीच दिसले नव्हते. नेट थेट पलंगापर्यंत पोचते. तिच्या मागच्या भिंतीवरचा वडिलांचा फोटो, त्याशेजारी आता लागलेला दादाचा फोटो, खुंटीवरची पिशवी, सगळे ओळखू येते. गच्चीवरच्या यंत्राची गरज उरलेली नाही. ते अप्पाने काढलेलेही नाही, डबा तिथेच पालथा आहे. शोभावहिनीने आईला कितीदा सांगितले, आता स्टुलावर चढायची गरज नाही, पलंगावर टेकून निवांत बोला. आई हो म्हणते. आणि दिवाबत्ती झाली की स्टुलावर जाऊन बसते. मी विचारते, जेवलीस का, गुडघा कसा आहे. ती विचारते, वाळलीस व्हय गं. मग बोलता बोलता मान वळवते आणि खिडकीबाहेर वर बघते. हात मांडीवरून थोडा उठतो, अर्ध्यावर राहतो. पूर्वी अशा वेळी मी 'आई, आई' करत सुटायची. आता करत नाही. मागे पंखा फिरत असतो, खिडकीचा पडदा हलत असतो. चित्र कुठेही अडकलेले नसते. ती परत माझ्याकडे वळेपर्यंत मी थांबते.